ओपन सोर्स म्युझिक प्लेअरमध्ये दोन गाण्यांमधला खंड काढायचं फीचर नवख्याला जमेल का?

जमेल, पण एका शनिवार-रविवारात होईल असं तुम्ही म्हणता, तसं नाही. तुम्हाला सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते आणि प्लेअर जीस्ट्रीमरवर (आवाज-व्हिडिओ वाजवायची तयार लायब्ररी) चालतो, एवढं तुमच्या प्रश्नात आहे, ते धरून लिहितो.

आधी खंड येतो कुठून ते बघा. एमपी३ मध्ये आवाज ११५२ सॅम्पलच्या (आवाजाच्या एकेका क्षणाच्या मोजमापांच्या) फ्रेममध्ये, म्हणजे ठरावीक तुकड्यांत भरलेला असतो. गाणं काही फ्रेमचं माप बघून संपत नाही, त्यामुळे उरलेली जागा शांततेने भरतात. सुरुवातीला एन्कोडरही (एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्रॅम) थोडी शांतता घालतो. लेम या एन्कोडरमध्ये ती सहसा ५७६ सॅम्पल, वर डिकोडरची (फाइल उलगडून वाजवणाऱ्याची) ५२९. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने हा सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग, पण लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या एका फाइलमधून दुसरीत जात असतील तर तेवढ्यानेही कान टोचतो. सुरुवातीचं आणि शेवटचं किती कापायचं ते लेम पहिल्या फ्रेमच्या टॅगमध्ये (माहितीच्या नोंदीत) लिहून ठेवतो. फ्लॅक या दुसऱ्या फाइल प्रकारात ही भानगडच नाही. म्हणून आधी फ्लॅकवर करून बघा. तिथेही खंड राहिला तर दोष फाइलचा नाही, कोडचा.

जीस्ट्रीमरचा गाणं वाजवणारा भाग, प्लेबिन, गाणं संपत आलं की 'अबाउट-टू-फिनिश' सिग्नल देतो, त्यात पुढच्या फाइलचा पत्ता द्यायचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा प्लेअरच्या खिडकीतलं गाण्याचं नावही तिथेच बदललं. दोन चुका एकदम! एक, हा सिग्नल मुख्य थ्रेडवर (खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) येत नाही, तिथून खिडकीला हात लावला की प्लेअर कधीही कोसळतो. दोन, बफरमधला (आधीच साठवून ठेवलेला) आवाज अजून वाजायचा असतो, म्हणजे कानावर जुनं गाणं आणि डोळ्यांसमोर नवं नाव. नाव बदलायचं ते 'स्ट्रीम-स्टार्ट' संदेश आल्यावर.

खरं डोकं खाणारा भाग आवाजाचा नाहीच, यादीचा आहे. पुढचं गाणं कोणतं हे आतापर्यंत आधीचं संपल्यावर ठरत असेल, तर ते आता आधी ठरवावं लागतं. ठरवल्यावर शेवटच्या दोन सेकंदांत कुणी ते गाणं यादीतून काढलं तर? शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं) चालू केलं तर? एकदा दिलेला पत्ता सहजासहजी परत घेता येत नाही. माझा निम्मा वेळ इथे गेला, तुमचाही जाईल.

चाचणीसाठी एकच सलग सूर मधोमध कापून दोन फ्लॅक फाइली करा. जोडावर 'टक' ऐकू आलं की समजा काम बाकी आहे.

कोड लिहिण्याआधी प्रकल्पाच्या पानावर इश्यू (चर्चेची नोंद) उघडून विचारा. याच कामाची कुणाची अर्धवट शाखा (कोडची वेगळी प्रत) पडलेली असू शकते. आणि क्रॉसफेड (एक गाणं मंदावत दुसरं त्यावर चढवणं) त्याच पॅचमध्ये, म्हणजे कोडमधल्या त्याच बदलात घुसडू नका. त्याला एकाच वेळी दोन डिकोडर चालवावे लागतात, ते एकट्या प्लेबिनचं काम नाही.