'गॉथिक सस्पेन्स'ला मराठीत काय म्हणावे? भयपट, रहस्यपट की गूढपट?

प्रश्न असा आहे: जुन्या कृष्णधवल 'गॉथिक सस्पेन्स' चित्रपटांविषयी, म्हणजे एकाकी जुने घर, त्यात दडलेले काहीतरी आणि धास्तावलेली नायिका असलेल्या चित्रपटांविषयी, मराठीत लिहायचे तर त्यांना भयपट म्हणावे, रहस्यपट म्हणावे, थरारपट की गूढपट? 'गॉथिक'ला मराठी शब्द आहे का? आणि या चित्रपटांच्या 'अपील'ला 'आकर्षण' म्हटले की काहीतरी निसटते, ते नेमके काय?

आधी उत्तर, मग कीस. 'गूढपट' म्हणा. जातकुळी नेमकी सांगायची असेल तर 'गॉथिक गूढपट' म्हणा. 'गॉथिक' तसाच राहू द्या. 'अपील'साठी 'ओढ' किंवा 'भुरळ' घ्या. अपील कोर्टात करतात.

आता कीस. चित्रपट, मूकपट, बोलपट या साच्यातून भयपट, रहस्यपट हे शब्द निघाले. पहिल्या पिढीत 'पट'च्या आधी त्या चित्रांचे रूप सांगणारा शब्द असे: मुकी की बोलकी. पुढे तिथे प्रेक्षकाच्या पदरात काय पडते ते येऊ लागले. म्हणून शब्द निवडताना विचारायचे ते एवढेच, की हा चित्रपट पाहणाऱ्याला नक्की काय देतो?

'रहस्य' पाहा. संस्कृतात 'रहस्' म्हणजे एकांत. एकांतात बोलण्याजोगे ते रहस्य. एकाला ठाऊक, दुसऱ्याला नाही, आणि सांगून टाकले की संपले. खून कोणी केला हे शोधणाऱ्या चित्रपटाला हा शब्द चपखल बसतो. पण 1944 च्या 'गॅसलाइट'मध्ये नवऱ्यावरचा संशय आपल्या मनात फार लवकर बसतो. 1940 च्या 'रिबेका'त मुख्य गुपित शेवटाच्या बरेच आधी फुटते. दोन्हीकडे धाकधूक त्यानंतरही सुटत नाही, उलट वाढते. रहस्य संपल्यावरही जे उरते त्याला रहस्यपट कसे म्हणायचे?

'सस्पेन्स'चे मूळ लॅटिन क्रियापद 'लटकवणे, टांगणे' या अर्थाचे आहे. मराठीने हीच प्रतिमा स्वतंत्रपणे घडवली आहे: जीव टांगणीला लागणे. दोन भाषांतले शब्द इतके सहज जुळलेले क्वचित दिसतात. तरीही परीक्षणांत 'सस्पेन्स'साठी सरसकट 'रहस्य' लिहिले जाते आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. 'रिबेका'चा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावला होता. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीतच नसेल, तर स्फोट होतो तेव्हा पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. माहीत असेल आणि माणसे वर निवांत गप्पा मारत बसली असतील, तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स मिळतो. मराठीत पहिल्याला दचकणे म्हणतात, दुसऱ्याला जीव टांगणीला लागणे. रहस्य राखायचे तर माहिती लपवावी लागते. टांगून ठेवायचे तर ती आधी द्यावी लागते. म्हणजे हे दोन शब्द एकमेकांच्या उलट दिशेने काम करतात.

मग 'उत्कंठापट' का नको? व्युत्पत्ती सुरेख आहे: उत् + कंठ, म्हणजे मान उंचावून वाट पाहणे. पण मराठीत उत्कंठा गोड असते. निकालाची उत्कंठा, भेटीची उत्कंठा. संस्कृत नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांपैकी एक विरहोत्कंठिता आहे, ती प्रियकराची वाट पाहते. 'उत्कंठापट' म्हटले तर वाचक प्रेमकथेच्या तयारीने बसेल. (गॉथिक चित्रपटातली नववधू अर्धी प्रेमकथेतलीच असते हे खरे, पण नाव देताना उरलेला अर्धा भाग महत्त्वाचा.) 'थरारपट' वेगाचा शब्द आहे: पाठलाग, गच्चीवरची झटापट. गॉथिक चित्रपट जिन्याच्या एकेका पायरीवर रेंगाळतो. तो शब्द सोडून द्यावा.

'भयपट' मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मूळ भाव, भय; बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. भयानकाची कारणे सांगताना भरत विकृत रव म्हणजे विचित्र आवाज, कोल्हे-घुबडे, अरण्य आणि 'शून्यागार' म्हणजे ओसाड घर यांची नावे घेतो. 1963 च्या 'द हाँटिंग'कडे ही यादी हातात घेऊन पाहा. त्यात भूत एकदाही दिसत नाही. भिंतीमागचे धडके, पलीकडून दाबल्यासारखे फुगणारे दार आणि ते अवाढव्य घर, एवढ्यावर चित्रपट उभा आहे. विकृत रव आणि शून्यागार, दुसरे काही नाही.

म्हणजे शास्त्राप्रमाणे 'भयपट' बरोबर आहे. पण आजच्या मराठीत भयपट म्हटले की रक्त, सडलेले चेहरे आणि अचानक अंगावर येणारा आवाज डोळ्यांपुढे येतो, म्हणजे अर्धा बीभत्स. अॅन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेने हीच रेघ मारली होती. 1826 साली छापलेल्या तिच्या निबंधात भीतीचे दोन प्रकार आहेत: एक मनाला जागे आणि विस्तृत करणारी, दुसरी मनाला आकसून गोठवणारी. पहिली अनिश्चिततेतून येते, दुसरीत काही संदिग्ध उरत नाही. गॉथिक चित्रपटाची भीती पहिल्या जातीची. मराठीत तिला धास्ती म्हणा, दडपण म्हणा, सावट म्हणा. थरकाप म्हणू नका.

उरतो 'गूढ'. 'गुह्' म्हणजे लपवणे या धातूचे ते भूतकालवाचक रूप; 'गुहा' त्याच धातूची. त्यामुळे गूढ या शब्दात आधीपासून एक बंद, अंधारी जागा आहे. घराचा बंद पश्चिम भाग, कुलूप लावलेली माडी, उघडायची नाही अशी खोली, हे सगळे गॉथिक सामान त्या एका शब्दात मावते. शिवाय रहस्य उकलते, गूढ उरते. आपण 'रहस्य उलगडले' म्हणतो आणि 'गूढ कायम आहे' म्हणतो, ते उगाच नाही. रत्नाकर मतकरींच्या कथांना मराठी वाचक 'गूढकथा' म्हणतो आणि नारायण धारपांच्या कथांना बहुधा 'भयकथा'. ही वाटणी वाचकाच्या कानात तयार आहे, तिचा फायदा घ्यावा.

'गॉथिक'चे भाषांतर का नको, तर त्या शब्दाचा प्रवासच वाकडा आहे. गॉथ हे जर्मानिक टोळ्यांचे लोक. त्यांच्यातल्या एका शाखेने सन 410 मध्ये रोम लुटले. सोळाव्या शतकात इटलीच्या वासारी या चित्रकार-लेखकाने मध्ययुगीन इमारतींच्या शैलीवर त्यांचे नाव थापले ते शिवीसारखे: रानटी काम. टोकदार कमानी आणि उंच मनोऱ्यांची ती चर्च गॉथ लोकांनी बांधलेली नव्हती, पण नाव चिकटले. होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने 1764 च्या आपल्या कादंबरीला दुसऱ्या आवृत्तीत, 1765 साली, 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक दिले आणि शब्द इमारतीतून गोष्टीत शिरला. पुढे गोष्टीतून पडद्यावर. टोळी, कमान, कादंबरी, चित्रपट या सगळ्यांतून वाहत आलेला अर्थ एकच: मागचा, जुना, अजून न मेलेला काळ. 'मध्ययुगीन' म्हटले तर भीती जाते, 'जुनाट' म्हटले तर दबदबा जातो. म्हणून 'गॉथिक'. लिहिताना 'गोथिक' नको. उच्चार ऑकाराचा आहे.

आणि इथे मराठी-संस्कृताच्या हाती एक हुकमी पान आहे. 'भूत' म्हणजे जे होऊन गेले ते. भूतकाळातले भूत आणि पिंपळावरचे भूत हा एकच शब्द. गॉथिक चित्रपटात पात्रांच्या मानगुटीवर बसते ते बहुतेक वेळा व्याकरणातले भूत असते. 'रिबेका'त जिचे नाव चित्रपटाला आहे ती पहिली बायको पडद्यावर कधीच येत नाही, आणि जी सतत समोर आहे त्या दुसऱ्या बायकोला स्वतःचे नाव दिलेले नाही. होऊन गेलेलीला नाव आहे, असलेलीला नाही. इतके नेमके 'भूत' दाखवायला पांढरी साडी लागली नाही.

या घराला कोणते विशेषण द्यावे? 'झपाटलेले' आणि 'पछाडलेले' दोन्ही चालतात, छटा वेगळ्या. झपाटणे आतून पेट घेते: माणूस वाचनाने, ध्येयाने झपाटतो, त्यात कौतुकही असते. पछाडणे बाहेरून होते आणि त्यात कौतुक नसते: चिंतेने पछाडले, आजाराने पछाडले. म्हणून घर पछाडलेले लिहा आणि त्या घराच्या मालकिणीच्या आठवणीने वेडावलेली कारभारीण झपाटलेली लिहा. हिंदीतून अनुवाद करणाऱ्यांनी जपावे. तिथे 'पछाड़ना' म्हणजे चीत करणे, हरवणे. घरालाही सरसकट 'वाडा' म्हणू नये. वाडा म्हटला की चौक आला, सोपा आला, माणसांची वर्दळ आली. मैलभर वस्ती नसलेल्या एकाकी दगडी घराला 'गढी' अधिक शोभते. तेही नको असेल तर नुसते 'ते घर' म्हणा, पुरते.

'कृष्णधवल' हा शब्द आपल्याला फार चांगला मिळाला आहे. धवल म्हणजे नुसता पांढरा नव्हे, झळझळीत पांढरा. या चित्रपटांतले पांढरे तसेच असते: मेणबत्तीची ज्योत, झग्याची किनार, डोळ्यातला ठिपका. बाकी सगळा काळोख. इथे एक चुकीचे भाषांतर वारंवार दिसते: 'लो-की लायटिंग'चे 'मंद प्रकाशयोजना'. प्रकाश मंद नसतो. मुख्य दिवा प्रखरच असतो. कमी केलेला असतो तो सावल्या भरून काढणारा दुसरा दिवा, म्हणजे फिल लाइट. नेहमीच्या दृश्यात उजळ आणि सावलीतल्या बाजूचे प्रमाण 2:1 ते 4:1 च्या आसपास ठेवतात. इथे ते 8:1 किंवा त्याहून जास्त जाते. स्टॉप हे छायालेखकाचे प्रकाश मोजायचे माप; प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे 8:1 हा तीन स्टॉपचा फरक. सावलीतला अर्धा चेहरा जवळजवळ नाहीसा होतो. याला 'छायाप्रधान प्रकाशयोजना' म्हणा. आणि टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून असा चित्रपट पाहिला तर काळ्याचे राखाडी होते, कोपऱ्यातल्या खुर्च्या दिसू लागतात आणि चाहूल मरते. दोष चित्रपटाचा नसतो.

1961 च्या 'द इनोसन्ट्स'चा छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस याने रुंद सिनेमास्कोप चौकटीच्या कडा काळवंडाव्यात म्हणून फिल्टरच रंगवून घेतले होते. मधोमध बाई मेणबत्ती धरून उभी, दोन्हीकडून काळोख सरकत येणारा. 'सावट' या शब्दाचे याहून चांगले चित्र मिळणे कठीण. रंग नसण्याला आणखी एक कारण पाठीशी आहे: फार कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाहीत. काळोख्या खोलीत आपल्याला खरोखर कृष्णधवलच दिसते. आणि लाल रंग गेला की बीभत्साचा मोठा आधार जातो, उरते भयानक.

'चाहूल' हा शब्द आत्ता ओघात आला, पण परीक्षणात तो हक्काने वापरावा. कोणी दिसण्याआधी ते असल्याची जाणीव होणे, एवढे सगळे तीन अक्षरांत. हिचकॉकने 'रिबेका'त ती काढून घेऊन भीती निर्माण केली. कारभारीण मिसेस डॅनव्हर्स चालत येताना जवळजवळ दिसतच नाही. नायिका वळते आणि ती तिथे असते. पावलांचा आवाज नाही, चाहूल नाही. 'द हाँटिंग'मध्ये बरोबर उलटे: चाहूल आहे, माणूस नाही.

'गॅसलाइट'ने तर इंग्रजीला क्रियापदच दिले: 'टू गॅसलाइट'. नवरा माळ्यावर चोरून दिवा लावतो. घरातली गॅसची नळी एकच, त्यामुळे खालच्या खोलीतली ज्योत बारीक होते. बायकोने विचारले की तो म्हणतो, तुला भास होतात. याला सर्रास 'वेड्यात काढणे' म्हणतात, ते अपुरे आहे. वेड्यात काढलेल्या माणसाला आपण शहाणे आहोत याची खात्री असू शकते. इथे तीच खात्री पोखरली जाते. 'बुद्धिभेद करणे' जास्त जवळचे. गीतेतल्या 'न बुद्धिभेदं जनयेत्' मुळे शब्द ओळखीचाही आहे. फक्त आज तो राजकीय भाषणांत इतका वापरला गेला आहे की घरातल्या गोष्टीला थोडा मोठा वाटतो. तिथे 'स्वतःवरचा विश्वास उडवणे' असे सरळ लिहावे.

शेवटी 'अपील'. 'आकर्षण' सुंदर वस्तूचे असते, 'गोडी' सवयीने लागते, 'मोहिनी' घालणारे कोणीतरी लागते. 'भुरळ' पडते तेव्हा पडणाऱ्याची बुद्धी थोडी बाजूला सरलेली असते. ते इथे खरे आहे. पण पहिली पसंती 'ओढ'ला. ज्या दाराकडे जाऊ नये त्याच दाराकडे नायिकेचे पाऊल पडते, आणि 'जाऊ नकोस' असे मनात म्हणत आपणही खुर्चीच्या कडेवर सरकतो. 'या चित्रपटांचे आकर्षण आजही टिकून आहे' हे वाक्य कुठल्याही चित्रपटाविषयी लिहिता येईल. 'या चित्रपटांची ओढ अजून सुटत नाही' हे सगळ्यांविषयी लिहिता येणार नाही.