खिडकीतला उंबर

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारातील उंबर पुनर्विकासासाठी गेल्या महिन्यात तोडला. तीस वर्षे सकाळचा चहा ठेवताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडे पाहत असे आणि गुरुवारी खाली उतरून त्याला नमस्कार करत असे. मुलगा म्हणतो, "आई, झाडच होते ते, बिल्डर नवीन दहा लावणार आहे." मला मात्र अजून रडू येते, रात्री झोप लागत नाही. हा मनाचा दुबळेपणा आहे का? आणि झाडाला हात जोडणे ही अंधश्रद्धा आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : हा दुबळेपणा नाही. ऑस्ट्रेलियातील हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी भोवतालचा मुलूख ओळखू येईनासा झाला, तेव्हा तिथल्या रहिवाशांची व्यथा ऐकून ग्लेन आल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञांनी तिच्यासाठी 'सोलास्टॅल्जिया' हा नवा शब्द घडवला. परगावी गेलेल्याला घराची ओढ लागते हे सर्वांना ठाऊक असते. इथे माणूस आपल्या घरातच बसून असतो आणि घराचे घरपण तेवढे निघून जाते. तुमच्या पत्रातील खिडकी वाचताना मला हाच शब्द आठवला.

त्या खिडकीलाही कमी लेखू नका. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २३ जणांच्या खाटेवरून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या समोर विटांची भिंत होती. झाडे दिसणाऱ्यांना वेदनाशामक तीव्र औषधे कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. रुग्णांची संख्या लहान आहे, म्हणून त्यावर फार मोठा इमला उभारू नये. पण रोज सकाळी तुम्हाला त्या खिडकीत काहीतरी मिळत होते, हे मानायला अडचण नसावी.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुळशी-वेल्ह्यापासून कोकणापर्यंत सह्याद्रीत ज्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली राने, टिकल्या, त्या काळकाई, म्हसोबा, वाघोबा अशा दैवतांच्या धाकाने टिकल्या. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अनेक रायांत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक होता, आणि फारच गरज पडली तर देवाला कौल लावून मगच कुऱ्हाड उचलायची. या नात्यात प्रेमाइतकीच भीती होती आणि दोहोंपेक्षा मर्यादा अधिक होती. म्हणून तुमच्या नमस्काराला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. मात्र नुसत्या श्रद्धेने झाड वाचते, असेही मला म्हणवत नाही. उघड्यावरच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यासाठी, म्हणजे अनघड दगडाच्या देवासाठी, सिमेंटचे देऊळ आणि फरशीचा सभामंडप उभा करायचे ठरले, तेव्हा कित्येक ठिकाणी त्याच देवाच्या नावाने राईतली झाडे आडवी झाली. (वटपौर्णिमेला शहरातल्या बाजारात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, तेही आपण पाहतोच.)

तुमच्या चिरंजीवांचे म्हणणे हिशेबाने चुकीचे नाही, पण नाते हिशेबात बसत नाही. माझ्या मते तुम्हाला अधिक सलते आहे ते निरोप न घेता आल्याचे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जाण्याचा विधी सांगितला आहे. त्यात झाड तोडण्याआधी आदल्या रात्री त्याची पूजा करून, त्यात वास करणाऱ्या भूतमात्रांचे कल्याण चिंतून, त्यांनी दुसरीकडे राहायला जावे अशी विनवणी करायची असते. झाड तर तिथेही तोडलेच जाते. पण तोडणाऱ्याला थांबावे लागते आणि आपण कोणाला तरी बेघर करत आहोत हे तोंडाने बोलावे लागते. तुमच्या आवारात सकाळी यांत्रिक करवत आली आणि दुपारपर्यंत सारे संपले असेल, तर तो शोक मनातच अडकून राहणार. आता बुंध्याच्या जागी जाऊन चार घटका बसायला आणि हवे तर दिवा लावायला काहीच हरकत नाही. मुलाला सोबत न्या, वाद मात्र घालू नका. झोपेची तक्रार आणखी दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर डॉक्टरांना जरूर भेटा.

आणखी एक सुचवतो. उंबर बहुधा कोणी लावलेला नसतो; फळे खाणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून त्याचे बी भिंतीच्या भेगेत किंवा गच्चीच्या पन्हळीपाशी पडते आणि तिथेच रुजते. पाऊस सुरू झाला की शेजारच्या इमारतींच्या भिंती नीट पाहा. बोटभर रोप सापडले तर मुळे न दुखवता काढून कुंडीत लावा, आणि नव्या आवारात इमारतीच्या पायापासून दूर त्याच्यासाठी कोणती जागा ठेवणार, हे बिल्डरकडून आताच लेखी घ्या.