अठरा पूर्ण झाले, काम मिळालं, पण टिकत का नाही?

अनाथ, निराधार मुलांना अठरा वर्षांपर्यंत सांभाळणाऱ्या बालगृहांतले अधीक्षक, काळजीवाहक आणि खुद्द मुलंही हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मूल अठरा पूर्ण करून बाहेर पडतं, कामाला लागतं आणि महिन्या-दोन महिन्यांत काम सुटतं.

सागर (नाव बदललं आहे) आयटीआय झालेला वेल्डर. हात चांगला, तरी दोन कारखाने सुटले होते. सोबत आलेल्या काळजीवाहकांचं निदान तयार होतं : "आयतं खायची सवय लागलीय."

"दुसरं काम का सोडलंस?" मी सागरला विचारलं.

"सोडलं नाही ताई. ताप आला, दोन दिवस गेलो नाही."

"मग तिसऱ्या दिवशी?"

"कसा जाणार? न सांगता राहिलो होतो ना."

"फोन करायचास."

बराच वेळ गप्प. मग हळूच, "सुट्टी मागतात कशी?"

इथे मला त्याचं सगळं वागणं उलगडलं. घरातलं मूल रोज घासाघीस करतं : अजून पाच मिनिटं झोपू दे, आज भाजी नको, मावशीकडे राहू का? नकार पचवायला आणि पुन्हा मागायला ते तिथेच शिकतं. संस्थेत सगळ्यांची घंटा एकच. तिथे दोनच वाटा : ऐकायचं किंवा पळून जायचं. सागर आळशी नव्हता. बोलून मार्ग काढण्याची तिसरी वाट त्याला कुणी दाखवलीच नव्हती. माणूस मागायला शिकतो तो नात्यात, हे माझं ठाम मत आहे.

मग आम्ही फोनचा सराव केला. मी सुपरवायझर. "साहेब, ताप आहे, आज येत नाही, उद्या सकाळी कळवतो." सुरुवातीला आवाज फुटेना. काही बैठकांनंतर त्याने न शिकवलेलं वाक्य आपणहून जोडलं : "रविवारी येऊन भरून काढू का?" ही त्याची पहिली घासाघीस. तिसरं काम टिकलं.

असाच सराव पगारातली कपात विचारण्याचा, उचल मागण्याचा आणि चूक कबूल करण्याचा करून घ्यावा, तोही सतराव्या वर्षापासून.

कागदांचं कामही तेव्हाच. आधारला बहुतेकदा संस्थेतल्या कुणाचा तरी मोबाइल जोडलेला असतो. मूल बाहेर पडलं की ओटीपी भलतीकडे जातो आणि बँकेचं काम अडतं. म्हणून मुलाचा स्वतःचा नंबर आधी जोडा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा पुरावा, बालकल्याण समितीचे (मुलाला संस्थेत ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीचे) आदेश यांच्या प्रती त्याच्या हातात द्या. आई-वडील दोघंही हयात नसतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून अनाथ प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना 1 टक्का आरक्षण आहे.

पैशाचं गणित मुलांना कुणी मांडून दाखवत नाही. पहिला पगार महिना भरल्यावर, कधी पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेस आणि बसभाडं कुठून येणार? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, पात्र मुलाला दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे, 21 वर्षांपर्यंत आणि गरजेनुसार 23 पर्यंत. अर्ज संस्था सोडण्यापूर्वी करा, नंतर मुलाचा पत्ताच बदलत राहतो.

दहावी राहिली असेल तर 17 नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरून काम करता करता परीक्षा देता येते. पण नोकरी आणि अभ्यास एकाच महिन्यात सुरू करू नका. आधी दोन पगार हातात येऊ द्या. आणि त्या दोन महिन्यांत साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी त्याला फोन करणारं एक माणूस नाव घेऊन ठरवा. "आम्ही सगळे आहोत" असं म्हटलं की कुणीच फोन करत नाही.