वाचकांचे प्रश्न : जुन्या बर्फगाडीला मोठं इंजिन

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच जातीच्या गाडीबद्दल आहेत. ‘स्नो ट्रॅक’ ही स्वीडनमध्ये 1957 ते 1981 या काळात बनलेली छोटी पट्टागाडी. चाकांऐवजी रुंद पट्टे, लिव्हरऐवजी स्टिअरिंग व्हील, आणि आत फोक्सवॅगन बीटलचं हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन. परदेशात बर्फाच्या मुलखात राहणाऱ्या काही वाचकांनी या जुन्या गाड्या घेतल्या आहेत आणि सगळ्यांची तक्रार एकच : गाडीत जोर नाही.

प्रश्न : कोलोराडोत 2,900 मीटर उंचीवर आमची केबिन आहे. हिवाळ्यात तिथे रस्ता उरत नाही, म्हणून साठच्या दशकातली स्नो ट्रॅक घेतली. इंजिन 1200 सीसी. दाबलेल्या बर्फावर छान चालते, पण गुडघाभर ताज्या बर्फात चढ आला की दुसऱ्या गिअरमध्ये मान टाकते. ओळखीचे मेकॅनिक सुबारूचं 2.2 लिटरचं इंजिन बसवायला सांगतात. बसवावं का?
— एक वाचक, कोलोराडो

सुबारू बसवू नका. का ते पुढे सांगतो, पण आधी एक गोष्ट पाहा. गाडी थांबते तेव्हा पट्टे जागेवर फिरत राहतात, की इंजिन दबून बंद पडतं? पट्टे फिरत असतील तर बर्फाची पकड संपली आहे आणि कितीही मोठं इंजिन टाकलं तरी गाडी फक्त खड्डा खणेल. इंजिन दबत असेल तरच पुढचं वाचा.

तुमच्या अडचणीचा मोठा भाग उंची आहे. 2,900 मीटर म्हणजे कळसूबाईच्या (1,646 मीटर) पावणेदोन पट. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश असते आणि साध्या कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. तुमचं 1200चं इंजिन (नेमकं 1192 सीसी) मुळात 34 अश्वशक्तीचं, तुमच्या केबिनपाशी त्यातली 25 उरते. 1600 सीसीचं, डबल पोर्ट हेडचं (प्रत्येक सिलिंडरला हवा-पेट्रोल आत यायची स्वतंत्र वाट असलेलं) इंजिन 50 अश्वशक्तीचं, तिथे ते 37 ते 38 देईल. म्हणजे इंजिन बदलल्यावर तुमची गाडी समुद्रकाठच्या मूळ गाडीपेक्षा थोडीशीच सरस होईल. हा फरक चढावर नक्की जाणवतो, पण चमत्काराची अपेक्षा धरू नका.

इंजिन काढण्यापूर्वी अर्धा दिवस तपासणीला द्या. एकाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्याने कार्बोरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते पाहावं. जुन्या गाड्यांत केबल ताणलेली असते आणि थ्रॉटल पाऊणच उघडतो, हे वरचेवर आढळतं. मग इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कंप्रेशन मोजा. समुद्रसपाटीवर 7 ते 9 बार चांगलं, 5च्या खाली गेलं तर इंजिन झिजलेलं. तुमच्या उंचीवर आकडे पाव हिश्श्याने कमीच दिसतील, म्हणून एकट्या आकड्याला घाबरू नका. चार सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. व्हॉल्व्हचं अंतर इंजिन पूर्ण थंड असताना पाहा, बहुतेक इंजिनांना 0.15 मि.मी. चालतं. मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा छिद्राचा तुकडा) समुद्रसपाटीचा असेल तर पेट्रोल जास्त जातं, प्लग काजळी धरतात. तो एक-दोन क्रमांकांनी लहान बसवा.

शेवटी गाडी जॅकवर घेऊन पट्टा हाताने फिरवा. अति ताणलेला पट्टा आणि जाम झालेली चाकांची बेअरिंग्ज तुमच्या 25 घोड्यांतले कितीतरी फुकट खातात. वजनही उतरवा. एडमंड हिलरी यांचे फर्ग्युसन ट्रॅक्टर सुमारे 28 अश्वशक्तीचे होते. त्यांना पट्टे चढवून ते 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, आणि ध्रुवाची उंची सुमारे 2,800 मीटर, म्हणजे तुमच्या केबिनइतकीच. मऊ बर्फात रुतायला लागल्यावर त्यांनी सामान उतरवलं, इंजिन तेच राहिलं.

आता सुबारू. 1200च्या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) 82 न्यूटन-मीटर, 2.2 सुबारूचा साधारण 185. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि स्टिअरिंगचा बेल्ट दुपटीहून जास्त ओढ सहन करायला बनवलेले नाहीत. मोटारीत चाक घसरून ही ओढ सुटते. पट्ट्याला मऊ बर्फात सुटका असते, पण खाली दगड किंवा गोठलेला ओंडका लागला की ती राहत नाही आणि सगळा झटका दातांवर येतो. वर रेडिएटर, पाण्याचे पाइप, पेट्रोल इंजेक्शनचं वायरिंग आणि त्या सगळ्याचं वजन. मोडलेला गिअरबॉक्स केबिनपासून दहा किलोमीटरवर दुरुस्त होत नाही. 1600 हीच या गाडीची सुरक्षित मर्यादा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या 1200च्या जागी बीटलचं 1600 इंजिन बसवायचं ठरलं आहे. नट जुळतात असं ऐकलं. नेमकं काय काय बदलावं लागतं?
— एक वाचक, उमेओ, स्वीडन

गिअरबॉक्सला इंजिन धरणारे चार बोल्ट जुळतात, हे खरं. अडचणी त्याच्या आतल्या बाजूला आहेत.

पहिली अडचण फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाच्या टोकाला बसणाऱ्या जड दातेरी चक्राची. 6 व्होल्टच्या जुन्या फ्लायव्हीलला 109 दात आणि 180 मि.मी.चा क्लच, 12 व्होल्टच्या फ्लायव्हीलला 130 दात आणि 200 मि.मी.चा क्लच. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते दात मोजूनच ठरवा, मालकाच्या वहीवर विसंबू नका. मोठं फ्लायव्हील जुन्या बेलहाउसिंगमध्ये (गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडात) आतून घासतं. त्यासाठी बेलच्या आतला धातू ग्राइंडरने थोडाथोडा कमी करतात. इंजिन लावून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, घासल्याचा आवाज अजिबात येता कामा नये. जुनं 109 दातांचं फ्लायव्हील नव्या क्रँकवर (इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) चढवून हे काम टाळायचा मोह होतो. पण 1966 पूर्वीच्या बहुतेक फ्लायव्हीलना ओ-रिंगची (तेल अडवणाऱ्या रबरी कडीची) खाच नसते, तेल गळतं आणि क्लचप्लेट चिकट होते. शिवाय वाढलेल्या टॉर्कला 200चा क्लच हवाच.

130 दात म्हणजे 12 व्होल्टचा स्टार्टर. त्याच्या शाफ्टचं टोक जुन्यापेक्षा बारीक असतं, म्हणून बेलमधला पितळी बुश बदलावा लागतो. हा पाच मिनिटांचा बुश विसरला की स्टार्टर तिरका बसतो, कर्कश आवाज करतो आणि रिंगचे दात खातो. डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल, दिवे, वायपरची मोटर हे सगळं 12 व्होल्टचं लागेल. जुनी क्लचप्लेट नव्याशेजारी ठेवून मधल्या खाचा मोजून घ्या.

फ्लायव्हील बसवताना क्रँकचा पुढे-मागे खेळ 0.07 ते 0.13 मि.मी. असावा. तो तीन शिमने (पातळ चकत्यांनी) साधतात. शिम नेहमी तीनच, जाडी बदलायची, संख्या नाही. मोजताना ऑइल सील आणि ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर आकडा खोटा येतो. मधला 36 मि.मी.चा मोठा नट सुमारे 300 न्यूटन-मीटरने आवळायचा. लांब पाइप आणि अंदाज चालणार नाही, टॉर्क पाना भाड्याने आणा. नट ढिला राहिला की चार डॉवेल पिनांची भोकं अंडाकृती होतात आणि क्रँक व फ्लायव्हील दोन्ही भंगारात जातात. नटाच्या पोटातल्या सुई बेअरिंगला थोडंसंच ग्रीस लावा, जास्त लावलं तर ते क्लचवर उडतं.

इंजिन निवडायला वाव असेल तर डबल पोर्टच्या मागे लागण्यापूर्वी हे पाहा. डबल पोर्ट 1600 आपला 106 न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला 2,800 फेऱ्यांवर देतं. बीटलचं सिंगल पोर्ट 1500 (83 × 69 मि.मी.) 100 न्यूटन-मीटर देतं, पण 2,000 फेऱ्यांवरच. खोल बर्फात फेरे खाली येतात तेव्हा तग धरणारं इंजिन हवं, आणि तिथे सिंगल पोर्ट जास्त समंजस वागतं. तुमच्यासारख्या कमी उंचीवर आम्ही तेच घेऊ. सिलिंडरवरचे पत्रेही दोन्हींचे वेगळे असतात, इंजिनासोबतच मागून घ्या. 87 मि.मी.चे ‘नुसते सरकवून बसवा’ असे पिस्टन-सिलिंडर विकायला असतात. त्यांच्या भिंती पातळ, त्या उष्णतेने वाकड्या होतात. सतत पूर्ण थ्रॉटलवर चालणाऱ्या गाडीत ते घालू नका.

डिस्ट्रिब्युटर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सवाला (इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगीची वेळ पुढे घेणारा) ठेवा. फक्त केंद्रोत्सारी वजनांवर चालणारा ‘009’ स्वस्त मिळतो, पण 34 पिक्ट कार्बोरेटरबरोबर थ्रॉटल उघडताच इंजिन क्षणभर गुदमरतं. रस्त्यावर ते खपतं, बर्फात त्या क्षणी गाडी थांबते. पॉइंट 0.4 मि.मी., फायरिंग ऑर्डर 1-4-3-2, तेल अडीच लिटर. तुमच्याकडच्या थंडीत 5डब्ल्यू-40 तेल आणि तेलाच्या टाकीखाली चिकटवायचा हीटर असं दोन्ही असू द्या.

प्रश्न : नवं 1600 बसवल्यापासून उणे 15 अंशांतही इंजिन तापतं. अर्ध्या तासात तेलाचा काटा 130 अंशांवर जातो. बर्फात हवेने थंड होणारं इंजिन तापतं कसं?
— एक वाचक, आल्बर्टा, कॅनडा

तापतं, कारण ते मोटारीतल्यापेक्षा फार जास्त राबतं. बीटल चढावर पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर असते, तुमची गाडी अर्धा तास. तेल 90 ते 110 अंश ठीक, 120च्या पुढे गाडी थांबवा.

बहुतेक वेळा दोष पत्र्यांमध्ये सापडतो. या इंजिनात पंख्याने ढकललेली थंड हवा सिलिंडरांवरून खाली जाते आणि तापून बाहेर पडते. इंजिनाच्या कडेचे पत्रे आणि रबरी पट्ट्या ही तापलेली हवा परत पंख्याकडे येऊ देत नाहीत. इंजिन बदलताना कुणीतरी ‘हे कशाला’ म्हणून दोन पत्रे बाजूला ठेवतो आणि इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं. इंजिन चालू असताना पंख्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरा. बाहेर उणे 15 आणि तिथे अधिक 30 दिसले तर फट शोधा आणि बंद करा. प्लगच्या वायरीवरच्या रबरी टोप्यासुद्धा या सीलचाच भाग आहेत.

दुसरं कारण पंख्याच्या जाळीवर चिकटणारा बर्फ. भुरभुरीत बर्फ आत ओढला जातो, वितळतो, पुन्हा गोठतो. हवेचं तोंड उंच घ्या आणि थांबाल तेव्हा झटका. तिसरं, ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे असणं किंवा जेट फार लहान असणं. पूर्ण अ‍ॅडव्हान्स 28 ते 32 अंशांच्या आत हवा. जेट आणखी लहान करून पेट्रोल वाचवायला गेलात तर तिसरा सिलिंडर आधी जातो. जुन्या पद्धतीच्या श्राउडमध्ये (पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कवचात) ऑइल कूलर त्याच बाजूच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्या सिलिंडरला आधीच गरम हवा मिळते. 1971 पासूनच्या श्राउडमध्ये कूलर बाहेर सरकवलेला आहे. जागा असेल तर तोच बसवा.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकू नका. उन्हाळी मुलखातली ही सवय तुमच्याकडे उलटते : इंजिन वेळेवर गरम होत नाही, तेलात पाणी साठतं, झाकणाखाली पिवळसर साय दिसते. कार्बोरेटरखालची, सायलेन्सरला जोडलेली गरम नळीही शाबूत हवी. शून्याच्या आसपासच्या ओलसर हवेत कार्बोरेटर आतून गोठतो, उणे 25च्या कोरड्या हवेत उलट कमी त्रास देतो.

गाडीच्या केबिनचा हीटर एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्सचेंजरमधून येतो. त्यात चीर पडली असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट बसणाऱ्यांच्या तोंडावर येतो आणि त्याला वास नसतो. इंजिन बाहेर आहे तोवर दोन्ही एक्सचेंजर तपासा, केबिनमध्ये या वायूचा बॅटरीवरचा अलार्म लावा. यात काटकसर करू नका.

प्रश्न : मोठ्या इंजिनानंतर वळताना स्टिअरिंगचा बेल्ट किंचाळतो. तो घट्ट करू का?
— तेच वाचक

आधी स्वच्छ करा. या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की पुलींचा व्यास बदलतो, एक पट्टा वेगाने आणि दुसरा हळू फिरतो. हे सगळं बेल्टच्या घर्षणावर चालतं. तेलाचा एक थेंब पुरेसा आहे, म्हणून आधी जवळचं सील पाहा. बेल्टच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो बदला, ताणून उपयोग नाही. पुलीवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढून पुसून घ्या. चालवताना खोल बर्फात पूर्ण थ्रॉटलवर टोकापर्यंत वळवू नका. मोठं वर्तुळ घ्या.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली एम 29 वीझल मिळते आहे. तिच्यात व्ही 8 बसवतात असं दिसतं. ती स्नो ट्रॅकपेक्षा बरी का?
— एक वाचक, व्हरमाँट

वीझल मजबूत आहे, पण व्ही 8 घालून नाही. तिच्यात स्टुडबेकर चॅम्पियनचं 2.8 लिटरच्या जवळचं सहा सिलिंडरचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं इंजिन येतं. हे नीट बांधलं तर गाडीला पुरतं. तिचे पट्टे पोलादी दोरांवर रबर चढवलेल्या बंदांनी जोडलेले असतात, आणि इतक्या वर्षांत ते रबर तडकून दोर गंजलेले असतात. मोठं इंजिन आधी हे दोर तोडतं, मग गिअरबॉक्स. घेताना इंजिनाकडे नंतर पाहा. आधी दोन्ही पट्ट्यांचा प्रत्येक बंद वाकवून चिरा शोधा, मागच्या डिफरन्शियलचं तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे का पाहा, आणि स्टिअरिंगचे लिव्हर ओढल्यावर दोन्ही बाजू सारख्याच धरतात का ते सपाट जमिनीवर चालवून बघा. पट्टे गेलेले असतील तर नव्या पट्ट्यांची किंमत विचारून मगच सौदा करा.