व्हर्च्युअल मशीनच्या आत कर्नल डीबगर चालवला की सगळं गोठतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की व्हीएममधल्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) विंडोजवरच विनडीबग हा मायक्रोसॉफ्टचा डीबगर (चालता कोड थांबवून तपासायचं साधन) टाकून आपल्या ड्रायव्हरवर ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड थांबवायची खूण, लावायला गेलात, तर तो लागेना. मग सॉफ्टआइस हा जुना कर्नल डीबगर टाकलात, तर पडदा जागीच थिजला. दोन्हीचं मूळ एकच आहे, डीबगर तपासायच्या मशीनच्या आतच बसलाय. कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) ब्रेकपॉइंट लागला की अख्खी मशीन थांबते, मग तिच्यावरच बसलेला विनडीबग कसा चालणार? म्हणून लोकल, म्हणजे त्याच मशीनवरून केलेल्या, कर्नल डीबगिंगमध्ये मेमरी वाचता येते, पण ब्रेकपॉइंट लावता येत नाही. सॉफ्टआइस कीबोर्ड स्वतः वाचायचं आणि थेट व्हिडिओ मेमरीत लिहायचं, त्यामुळे खऱ्या मशीनवर ते सुरेख चाले. व्हीएममध्ये व्हिडिओ कार्डच नकली, त्यावर असं लिहिलेलं बाहेरच्या खिडकीत वेळेवर उमटेलच असं नाही. शिवाय ते 2006 मध्येच बंद झालं. त्याचा नाद सोडा.

डीबगर बाहेर होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतं त्या खऱ्या मशीनवर, ठेवा. विंडोजच्या कर्नलमध्ये डीबगरशी बोलणारा भाग आधीपासूनच असतो, तो फक्त चालू करायचा. व्हीएमला एक सीरियल पोर्ट जोडा आणि तो होस्टवरच्या नेम्ड पाइपला (दोन प्रोग्रॅमना बोलता येणाऱ्या नाव दिलेल्या वाटेला) लावा. आत अॅडमिन म्हणून बीसीडीएडिट या बूट सेटिंग बदलायच्या कमांडनं डीबग चालू करा, पोर्टचा नंबर आणि 115200 हा बॉड रेट (पोर्टचा वेग) द्या. सिक्युअर बूट (बूट होताना सही तपासणारी सुरक्षा) चालू असेल तर ते आधी बंद करावं लागतं. मग बाहेर विनडीबग त्या पाइपवर लावून ठेवा आणि व्हीएम रीस्टार्ट करा.

इथे माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. सगळं बरोबर, तरी विनडीबग नुसताच वाट बघत बसलेला. व्हीएमला आधीपासून जोडलेल्या व्हर्च्युअल प्रिंटरनं पहिला सीरियल पोर्ट अडवला होता आणि मी जोडलेला पोर्ट दुसरा ठरला होता. प्रिंटर काढला, लगेच जोडलं गेलं. सीरियल फार संथ वाटलं तर विंडोज 8 पासून नेटवर्कवरून डीबगिंग करता येतं, रोजच्या कामाला मी तेच वापरतो. ड्रायव्हर अजून लोड झाला नसेल तर ब्रेकपॉइंट विनडीबगच्या ‘बीपी’ कमांडनं न लावता ‘बीयू’नं लावा, म्हणजे ड्रायव्हर आल्यावर तो आपोआप बसतो.

पुढेमागे लिनक्सकडे वळलात तर क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जीडीबी या तिकडच्या डीबगरसाठीची सोय व्हीएमच्या बाहेरच असते, पोर्ट 1234 वर. आतल्या कर्नलला काही सांगावंच लागत नाही. पण तिथेही एक खाच आहे. केव्हीएम (व्हीएमचा कोड थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवायची लिनक्सची सोय) चालू ठेवून मशीन सुरुवातीलाच थांबवली आणि ‘स्टार्ट कर्नल’ या कर्नलच्या सुरुवातीच्या फंक्शनवर साधा ब्रेकपॉइंट लावला, तर तो लागतच नाही. कारण साधा ब्रेकपॉइंट म्हणजे त्या पत्त्यावरचा एक बाइट बदलून तिथे हेक्स ‘सीसी’, म्हणजे ‘इथे थांब’ ही सूचना, ठेवणं. तुम्ही तो ठेवता तेव्हा कर्नल अजून दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) रूपातच असतो. नंतर तो उलगडून त्याच जागी पसरतो आणि तुमचा ‘सीसी’ पुसला जातो. अशा वेळी हार्डवेअर ब्रेकपॉइंट लावा. तो प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये राहतो, मेमरीत काही लिहीत नाही. एक्स86 वर (नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर) असे चारच मिळतात, तेव्हा जपून वापरा. आणि कर्नलचा पत्ता दर बूटला सरकू नये म्हणून बूट पर्यायांत ‘नोकेएएसएलआर’ टाका.

स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) तर घ्याच, ड्रायव्हर कोसळला की दोन मिनिटांत पूर्ववत होता येतं. फक्त घेण्याआधी सगळे ब्रेकपॉइंट काढून टाका. नाहीतर ते ‘सीसी’ बाइटही मेमरीसकट स्नॅपशॉटमध्ये जातात. आठवड्यानं तो उघडलात की मशीन भलत्याच ठिकाणी थांबते आणि नव्यानं उघडलेल्या डीबगरला तिथे पूर्वी कोणता बाइट होता हे ठाऊकच नसतं. स्नॅपशॉटवरून परतल्यावर विनडीबग गप्प राहिला, तर कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून जोडणी पुन्हा जुळवून घ्या.