आई-वडील दोघेही सर्वसाधारण उंचीचे असताना बाळाला अकॉन्ड्रोप्लेझिया हा हातपाय आखूड राहून उंची कमी राहण्याचा आनुवंशिक विकार कसा काय होऊ शकतो?
होऊ शकतो, किंबहुना या विकाराची सुमारे ८० टक्के बाळे सर्वसाधारण उंचीच्या आई-वडिलांच्याच पोटी जन्मतात. याचे कारण असे की, चौथ्या गुणसूत्रावरील एफजीएफआर३ या जनुकातला बदल अशा बाळांना वारशाने मिळालेला नसतो, तर तो बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत नव्याने घडलेला असतो आणि वडिलांचे वय जास्त असेल, तर त्याची शक्यता थोडी वाढते. हे जनुक हाडांच्या टोकांजवळील कूर्चेच्या वाढीला लगाम घालते. बदलामुळे तो लगाम सतत ओढलेलाच राहतो, म्हणून हातापायांची हाडे, त्यातही दंडाची आणि मांडीची, आखूड राहतात, धडाची लांबी मात्र जवळजवळ नेहमीसारखी असते. मधले बोट आणि अनामिका यांच्यात फट पडून तान्ह्या बाळाचा पंजा त्रिशूळासारखा दिसणे ही याची एक ठळक खूण. आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याशी याचा काहीही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण बोल बहुतेक वेळा तिलाच लावला जातो. पुढच्या अपत्याला हाच विकार होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असली, तरी ती शून्य नसते, कारण क्वचित हा बदल आई किंवा वडिलांच्या एकाहून अधिक बीजपेशींत असू शकतो. त्यामुळे पुढील गरोदरपणापूर्वी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.