तंजावरच्या मराठ्यांच्या काळात लुथरन मंडळी कशी सुरू झाली, आणि त्यात मराठी माणसांचा काही हात होता का?

हात होता, आणि तो एका बाईचा होता. (मंडळी म्हणजे एका ठिकाणी उपासनेला जमणारा ख्रिस्ती लोकांचा समुदाय, आणि लुथरन म्हणजे मार्टिन लुथरच्या शिकवणीवर चालणारे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती.) प्रश्न वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय, कारण याचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: "श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंडळी स्थापन केली, सरफोजीराजे त्याचे शिष्य होते." संपलं. सगळीकडे एवढंच लिहितात आणि मला दर वेळी चीड येते. का येते ते पुढे सांगते.

आधी पटकन सुरुवात सांगून टाकते. 9 जुलै 1706 ला त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ हे दोन जर्मन तरुण ट्रांकेबारला, म्हणजे आजच्या तरंगंबाडीला उतरले. पाठवलं होतं डेन्मार्कच्या राजाने, कारण ते बंदर डॅनिश लोकांकडे होतं. पुढच्याच वर्षी पहिले बाप्तिस्मे झाले आणि छोटं चर्चही उभं राहिलं. तंजावरच्या गादीवर तेव्हा आपले शहाजीराजे होते, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे चिरंजीव, आणि बंदराबाहेर त्यांच्या राज्यात या मिशनऱ्यांना मोकळेपणाने फिरता येत नव्हतं. मग आत काम केलं कुणी? तंजावरच्याच फौजेतल्या राजानायक्कन नावाच्या एका शिपाईगड्याने. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग, त्याने स्वतः वाचलं, मिशनऱ्यांशी संबंध त्याने स्वतः जोडला, आणि पुढे उपदेशक होऊन गावोगाव तोच फिरला. 1733 साली आरोन नावाच्या तमिळ माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली, हा तिथला पहिला देशी लुथरन पाळक. म्हणजे श्वार्ट्झसाहेब 1750 मध्ये जहाजातून उतरायच्या आधीच इथल्या लोकांनी मंडळ्या चालवायला घेतलेल्या होत्या, हे कुणी सांगत नाही.

श्वार्ट्झ थोर होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तमिळ तर यायचीच, तंजावरच्या दरबारासाठी मराठीही शिकला. तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींवर लक्ष ठेवायची जबाबदारी त्याच्यावर टाकली, 1779 मध्ये शिवगंगा बागेजवळ चर्च झालं, आणि 1798 साली तो वारल्यावर सरफोजीराजांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं ते तिथे आजही आहे. श्वार्ट्झ अंथरुणावर आहे आणि राजे त्याचा हात धरून उभे आहेत. तंजावरला जाणारे मराठी लोक सरस्वती महाल बघतात, बृहदीश्वर बघतात आणि परत येतात. हेही बघा.

पण तुम्ही विचारलंय मराठी माणसांचा हात. तर राजवाड्यातून बाहेर पडा आणि खाली तिरुनेलवेलीकडे, पालयमकोट्टईला चला.

तंजावरच्या राजाच्या चाकरीतल्या एका मराठी ब्राह्मणाची विधवा. सती जाण्यापासून लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचवलं असं म्हणतात. त्याच्याबरोबर ती राहू लागली, इंग्रजी आणि बायबल त्याच्याकडून शिकली. तिने श्वार्ट्झकडे बाप्तिस्मा मागितला तर त्याने दिला नाही, कारण लग्नाशिवाय राहत होती. लिटल्टन वारला तरी ती मागे हटली नाही. पालयमकोट्टईला छावणी होती, तिथे लोकांना शिकवत राहिली, आसपास माणसं गोळा होत गेली, आणि शेवटी 1778 मध्ये श्वार्ट्झने तिकडे जाऊन तिला बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं क्लोरिंडा.

इथे जरा थांबा आणि क्रम बघा. मंडळी जमायला लागली होती तेव्हा श्वार्ट्झ तंजावर-तिरुचिरापल्लीच्या कामात होता. 1780 ची त्या मंडळीची यादी आहे, चाळीस माणसं, वेगवेगळ्या जातींची, आणि त्या यादीत पहिलं नाव आहे क्लोरिंडा. कायमचा उपदेशक द्या म्हणून मागे लागली ती. किल्ल्यात चर्च बांधून घेतलं ते तिने, काही इंग्रजांनी मदत केली तेवढीच. 1785 मध्ये श्वार्ट्झ आला आणि त्याने त्याचं समर्पण केलं. लोक त्या चर्चला अजून पापात्ती अम्माळचं कोविल म्हणतात, म्हणजे बामणीण बाईचं देऊळ. लोकांना बरोबर माहीत असतं कुणाचं काय आहे, घोळ फक्त छापील पुस्तकं करतात.

आता माझी चीड. आमच्या मंडळीचा (नाव देत नाही, महाराष्ट्रातली आहे, लुथरन नाही) मोठा वर्धापनदिन आला तेव्हा स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहासाचं पान लिहायचं काम एका काकांकडे गेलं. काका मंडळीच्या पंचांपैकी, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, माणूस प्रामाणिक, उपासना कधी चुकवली नाही. त्यांनी लिहिलं, अमुक साली अमुक पाळकसाहेब आले आणि त्यांनी मंडळी स्थापन केली. मी आजीची वही घेऊन मीटिंगला गेले. लाल पुठ्ठ्याची लांबट वही, किराणा दुकानात उधारी लिहायची असते तसली. पाळकसाहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून आजी आणि शेजारच्या बायका आमच्या पडवीत दर बुधवारी प्रार्थनेला बसायच्या आणि त्या वहीत एका बाजूला कोण कोण आलं त्याची नावं, दुसऱ्या बाजूला मूठधान्याचा हिशेब. रोज चूल पेटवताना एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्याला एकत्र करून विकायची. पुढे चर्चच्या जागेचे पहिले पैसे दिले ते त्यातूनच, आणि तेही वहीत तारखेनिशी आहे, आजीच्या वळणदार मोडक्या अक्षरात, खाली दोन बायकांचे अंगठे.

काका म्हणाले, "अगं पण ती प्रार्थना होती, मंडळी नव्हती. पाळक नाही, प्रभुभोजन नाही, नोंदणी नाही, मग मंडळी कशी?"

मी म्हटलं, काका, मग पालयमकोट्टईची पण मंडळी नव्हती का? प्रिंटआउट नेला होता मी, क्लोरिंडाचा सगळा इतिहास. तर ते म्हणतात कसे, "ते तमिळ लोकांचं, आपल्याला त्याचं काय?" अहो ती मराठी होती! तंजावरची! दोनशे वर्षं तमिळ ख्रिस्ती लोक आपल्या एका बाईचं नाव लक्षात ठेवून आहेत आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांना ती माहीतच नाही, बाकीच्या मराठी लोकांचं तर सोडाच. कमिटीतल्या कुणीच नाव ऐकलं नव्हतं. शेवटी स्मरणिकेत काय आलं? "भगिनी वर्गाचेही सहकार्य लाभले." एक ओळ. मला अजून ती ओळ दिसली की रक्त तापतं. सहकार्य नव्हतं ते, काम त्यांचंच होतं, सहकार्य पाळकसाहेबांचं लाभलं.

असो, वाढीचंही सांगायला हवं. क्लोरिंडाच्या मंडळीत उपदेशक म्हणून आला सत्यनाथन. हाही इथलाच. त्याला 26 डिसेंबर 1790 ला तंजावरला लुथरन पद्धतीने पाळकपदाची दीक्षा दिली आणि पालयमकोट्टईला पाठवलं. पुढे आसपासच्या खेड्यांत काम पसरलं ते सत्यनाथनसारख्या माणसांमुळे. ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला त्यांना गावात त्रास झाला, घरं सोडावी लागली, म्हणून 1799 मध्ये मुदलूर नावाचं वेगळं गावच वसवलं. 1802 च्या सुमारास तर तिरुनेलवेली भागात हजारोंनी बाप्तिस्मे झाले. तंजावरचा नामवंत ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री हाही मूळ याच भागातला. श्वार्ट्झ 1785 मध्ये त्याला लहान असताना तंजावरला घेऊन गेला आणि सरफोजींच्या बरोबरीने तो शिकला. म्हणजे बघा, ज्या वर्षी क्लोरिंडाच्या चर्चचं समर्पण झालं त्याच वर्षीची ही गोष्ट.

मला विचाराल तर मंडळी वाढायला तीन गोष्टी लागतात, रोज भेटणारी माणसं, त्यांच्याच बोलीत शिकवणारा त्यांच्यातलाच एक जण, आणि स्वतःची जागा. बाहेरचा पाळक फार तर यावर मोहोर उठवतो. मोहोरेची किंमत मी कमी करत नाहीये, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन नसेल तर मंडळी अपुरी हे मलाही मान्य आहे, काकांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे. पण अपुरी म्हणजे नव्हतीच असं नाही होत. लुथरन शिकवणीचा गाभाच जर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण याजक (म्हणजे पुरोहित) आहे असा असेल तर पडवीत बसलेल्या बायका कुठल्या हिशेबात मोडतात ते मला समजावून सांगा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. एक तर पालयमकोट्टई तंजावरच्या राज्यात नव्हतं, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या काटेकोर हद्दीत क्लोरिंडा बसत नाही, बाई तंजावरची एवढंच. दुसरं, श्वार्ट्झ लुथरन असला तरी त्याचा खर्च नंतर इंग्लंडमधल्या अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) सोसायटीकडून यायचा, आणि पुढे तिरुनेलवेलीचं काम पूर्ण अँग्लिकन मिशनांकडे गेलं, 1947 पासून ते चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये आहे. म्हणजे सुरुवात लुथरन, आज नाही. आजची तमिळ लुथरन मंडळी ट्रांकेबारचा वारसा लाइपझिग मिशन या जर्मन लुथरन संस्थेमार्फत सांगते, ती 1919 मध्ये स्वतंत्र झाली आणि तिच्या बिशपला अजूनही ट्रांकेबारचे बिशप म्हणतात. आणि सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नव्हते, व्हॉट्सअपवर काहीही फिरतं. गुरूवर माया होती, धर्म स्वतःचाच ठेवला.

राजवाड्यातल्या मराठी लोकांचा थेट सहभाग किती होता हे तुम्हाला हवं असेल तर सरफोजींच्या काळातले कागद बघा, तो माझा विषय नाही. पण तुम्ही स्वतः कुठल्या मंडळीचे असाल तर एक काम करा, तिचा इतिहास लिहायला घेण्याआधी छापील अहवाल बाजूला ठेवा आणि म्हाताऱ्या बायकांच्या ट्रंका उघडा. हिशेबाच्या वह्या, मूठधान्याच्या नोंदी, आजारपणात कुणाकडे कोण राहिलं त्याच्या चिठ्ठ्या, तिथे पहिली नावं सापडतील, आणि ती पाळकांच्या यादीच्या वर छापा, खाली नाही.

काका, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, तुमच्या मुलाने लिंक पाठवलीच असेल. वही माझ्याकडेच आहे, झेरॉक्स काढून ठेवल्यात. पुढच्या स्मरणिकेचं इतिहासाचं पान मी लिहिणार आहे आणि त्यात पाळकसाहेबांचं सहकार्य लाभलं असं नक्की लिहीन.